दुखतं मागे, आखडतं पुढे

"कंबर धरलीय हो," म्हणत आत येणाऱ्याचा हात मागे असतो. फिजिओथेरपीच्या पहिल्या काही वर्षांत माझाही हात तिथेच जायचा. शेक, मसाज, मशीन. आठवडाभर बरं वाटायचं, मग स्वारी पुन्हा दारात.

पुण्यात बिबवेवाडीला दवाखाना थाटला आणि शेजारच्या मार्केट यार्डाने मला शहाणं केलं. तिथले हमाल येतात आणि गाळ्यांवरचे दिवाणजीही. हमाल उसण भरल्याचा क्षण सांगतो: अमुक पोतं उचलताना. दिवाणजींना सांगता येत नाही, कारण त्यांनी काही उचललेलंच नसतं. मात्र खुर्चीतून उठल्यावर चार पावलं ते वाकून चालतात, मग हळूहळू सरळ होतात. ती चार पावलं मी बघतो.

मग टेबलाच्या कडेला उताणं झोपवून एक गुडघा छातीशी धरायला सांगतो. दुसरी मांडी टेबलाला टेकायला हवी. दिवाणजींची अधांतरी राहते. ही तपासणी एकोणिसाव्या शतकातल्या ह्यू ओवेन थॉमस या सर्जनची. त्याचे वडील हाडवैद्य होते, हे मला फार आवडतं.

सोअस हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघतो आणि खुब्यापुढून उतरून मांडीच्या हाडाला आतून चिकटतो. बसलं की तो आखूड होतो. दहा-दहा तास आखूड राहिलेला सोअस उभं राहताना लांबायला कुरकुरतो, मणके पुढे ओढतो, कमरेचा बाक वाढवतो. प्रत्येक कंबरदुखीचं खापर मात्र त्याच्यावर फोडू नये. जांघ आखडलेली आणि कंबर ठणठणीत, असेही पुष्कळ भेटतात.

व्यायाम साधा: एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे. लोक हमखास कमरेतून मागे वाकतात आणि दुखणं वाढवून घेतात. मी सांगतो, नाडी बांधताना घेता तसं पोट आत घ्या, कुल्ला आवळा. ताण जांघेत यायला हवा, कमरेत नाही. नुसतं ताणून भागत नाही. कुल्ल्यात ताकदही लागते, म्हणून खुर्चीतून हात न टेकता दहादा उठायचं.

पाय बधिर होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर यातलं काही करू नका. तडक हॉस्पिटल गाठा.

दिवाणजींनी पाण्याची बाटली हाताशी ठेवणं सोडलंय. माठ गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.