मुंबईच्या बॉर्डरवर!

आपण अंधेरीकर मुंबईत राहतो का? प्रश्न फालतू वाटतोय? मग घरात एखादी आजी असेल तर तिचं बोलणं ऐका. चर्चगेटला जायचं असलं की ती आजही म्हणते, 'मुंबईला चाललेय.' म्हणजे आपण राहतो ते काय, गाव? या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर येत्या रविवारी मॉलला सुट्टी द्या आणि वांद्र्याला लँड्स एंडला जा. तिथे समुद्रात घुसलेल्या टेकाडावर एक छोटासा किल्ला आहे.

माझ्या बहुतेक फ्रेण्ड्ससाठी वांद्रे किल्ला म्हणजे कपल्स, सेल्फी आणि मागे सी-लिंक. बस्स. मीही तिथे कितीतरी वेळा गेलेय, पण या वेळी थोडा होमवर्क करून गेले आणि सोबत मरोळमध्ये नोकरी करणाऱ्या मैत्रिणीला ओढून नेलं. 'अगं, किल्ला कुठेय? नुसत्या भिंतीच आहेत!' ही तिची पहिली प्रतिक्रिया. बरोबरच आहे. रायगड-सिंहगड डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर निराश व्हाल. समुद्राच्या पातळीपासून वर जेमतेम 24 मीटर, तेही टप्प्याटप्प्यांनी. पायऱ्या, माडांची सावली, मध्ये एक अॅम्फीथिएटर, काळ्या दगडाचे उरलेसुरले तट आणि खाली खडक. अर्ध्या तासात सगळं पायाखालून जातं. खरा माल आहे तो समोरच्या दृश्यात.

पोर्तुगीजांनी 1640 मध्ये हा किल्ला बांधला. नाव ठेवलं 'कास्तेला द आग्वाद'. आग्वाद म्हणजे पाणी भरायची जागा. इथे गोड्या पाण्याचा झरा होता आणि किनाऱ्याने जाणारी जहाजं त्यासाठी थांबायची. थोडक्यात, जहाजांचा पाणपोईवाला पेट्रोल पंप!

आता दक्षिणेकडे तोंड करा. समोर माहीमची खाडी, तिच्यापलीकडे माहीम, त्याच्या पुढे वरळी. 1661 च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं, प्रत्यक्ष ताबा मिळायला मात्र 1665 उजाडलं. वांद्रे, अंधेरी आणि बाकीची सगळी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे या खाडीच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा! माहीमचा किल्ला इंग्रजांचा, हा पोर्तुगीजांचा आणि दोघे एकमेकांवर डोळा ठेवून.

मग 1737 मध्ये मराठी फौजा साष्टीत उतरल्या. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. हा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर त्याच्या तोफा थेट माहीमवर रोखल्या जातील, अशी इंग्रजांना धास्ती. त्यांच्या सल्ल्यावरून पोर्तुगीजांनी आपलाच किल्ला बराचसा पाडून टाकला. मैत्रिणीला हव्या असलेल्या भिंती गेल्या त्या अशा.

देश बदलले, पण रेघ राहिली. वांद्र्याहून माहीमला जायचं तर होडीच. होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. शेवटी लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी 1 लाख 57 हजार रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. त्यांची अट एकच, लोकांकडून टोल घ्यायचा नाही.

ही अट मला किल्ल्यावर उभं राहून आठवली, कारण डोळ्यांसमोर सी-लिंक होता. 2009 मध्ये सुरू झालेला, 5.6 किलोमीटर लांब, दिसायला एकदम झकास. पण त्याच्यावर टोल आहे. बाइक, रिक्षा आणि पायी चालणारे यांना बंदी. 'म्हणजे माझ्या स्कूटीला माहीमपर्यंत अवाबाईच नेणार!' मैत्रीण म्हणाली. आणि रिक्षा? ती तर आजही वांद्र्यालाच थांबते. अंधेरी 1950 मध्ये मुंबई महापालिकेत आली, 1990 मध्ये उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला, त्याचं मुख्यालयही वांद्र्यातच. साडेतीनशे वर्षांपूर्वीची हद्द अजून आपल्या रिक्षाच्या मीटरमध्ये जिवंत आहे, बॉस!

म्हणूनच हा किल्ला महत्त्वाचा वाटतो. पलीकडे कोण, कसं आणि किती पैसे मोजून जाणार, हे या खाडीवर प्रत्येक पिढीत कुणीतरी ठरवत आलंय. ते सगळं एका नजरेत दिसेल अशी जागा इथेच आहे. तीही फुकट! पण ती आपोआप टिकलेली नाही. पडझड व्हायला लागली तेव्हा 2003 मध्ये बॅण्डस्टॅण्डच्या रहिवाशांच्या ट्रस्टने डागडुजीचं काम हातात घेतलं, शबाना आझमींच्या खासदार निधीची मदत मिळाली. त्या तटांवर बदामात नावं कोरणाऱ्या रोमिओंनी हे जरा लक्षात ठेवावं. प्रेम व्यक्त करायला एसएमएस आहे ना!

आजीचं काय? ती चुकत नव्हती. तिच्या 'मुंबईला चाललेय'मध्ये एक अख्खा समुद्र आहे.

कसं जाल? अंधेरीहून फास्ट लोकल पकडा आणि वांद्रे पश्चिमेला उतरून रिक्षा. बॅण्डस्टॅण्डला अलीकडेच उतरून समुद्राकाठाने चालत गेलात तर जास्त मजा.

कधी जाल? सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

काय सांभाळाल? ग्रिप असलेले शूज घाला. भरतीला आणि पावसाळ्यात खडकांवर उतरू नका. जानेवारी 2016 मध्ये बॅण्डस्टॅण्डच्या खडकांवर सेल्फी घेताना एक तरुणी समुद्रात ओढली गेली आणि तिला वाचवायला गेलेला माणूसही परतला नाही. फोटो वरूनही छानच येतो!