रामप्पाचं तळं आणि आमचं वायंगण

४ डिसेंबर २०२४. सकाळचे साडेसात वाजून गेले असतील. गोव्यात मी चहाचं आधण ठेवत होते, इतक्यात हैदराबादहून मुलीचा फोन आला. "आई, आत्ता इथं सगळं हललं गं! पंखा नुसता झुलत होता." भूकंप होता. ५.३ रिश्टरचा. हैदराबादेत कुणाला फारशी सवय नाही अशा गोष्टींची. संध्याकाळच्या बातम्यांत केंद्रबिंदूचं नाव कळलं, मुलुगू. मी लगेच नकाशा काढून बसले. हैदराबादच्या ईशान्येला, दोनशे किलोमीटरच्या आसपास, गोदावरीच्या अलीकडे जंगलाने भरलेला एक जिल्हा. तेलंगणातल्या अगदी नव्या जिल्ह्यांपैकी एक, २०१९ च्या फेब्रुवारीत जन्मलेला. आणि त्याच जिल्ह्यात पालमपेट नावाच्या खेड्यात रामप्पाचं देऊळ!

ते नाव मी ऐकून होते. २५ जुलै २०२१ ला युनेस्कोने या देवळाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं, तेव्हा पेपरात वाचलं होतं. पाया खणून त्यात वाळू भरायची आणि त्या वाळूवर देऊळ उभं करायचं, म्हणजे जमीन हलली तरी धक्का वाळू पिऊन टाकते, असं काहीसं ते तंत्र. आता त्या वाळूची परीक्षाच झाली होती. देऊळ उभंच होतं. मनात आलं, आठशे वर्षांमागच्या माणसांना हे कसं सुचलं असेल? जाऊन बघायलाच हवं.

जानेवारीत मुलीकडे गेले. हैदराबादला जाणारी आपली माणसं चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग आणि फिल्म सिटी करून, बिर्याणी नि मोत्यांची माळ घेऊन परत येतात. मीही दोनदा तेच केलं होतं. या वेळी हट्ट धरला. पहाटे मेट्रोने उप्पल गाठलं आणि तिथून हनमकोंड्याची सरकारी बस धरली. तेलंगणात बायकांना बसप्रवास फुकट आहे, पण तो तिथल्या रहिवाशांना. मुलीला शून्याचं तिकीट मिळालं, मला पैसे मोजावे लागले. शेजारची म्हातारी ते पाहून इतकी हसली, की आमची लगेच ओळख झाली. तिने पदरातून काढून दोन बोरं माझ्या हातावर ठेवली. तिकिटाची भरपाई!

वाटेत भोनगीरचा तो एकसंध काळा कातळ दिसला. पुढे नुसते खडक आणि शेतं. हनमकोंड्याला बस बदलली, मुलुगूला उतरून रिक्षा केली. रस्ता आत वळला आणि दोन्ही बाजूंना भात दिसू लागलं. जानेवारीत भात! चिखलात वाकलेल्या बायका, हातात तरव्याच्या मुठी, लावणी चाललेली. मी मुलीला म्हटलं, "अगं, हे तर वायंगण!" तिला शब्दच ठाऊक नव्हता. रिक्षावाल्याने त्यांचा शब्द सांगितला, यासंगी. पावसाळी पिकानंतर साठवलेल्या पाण्यावर घ्यायचं दुसरं पीक. आमच्या गोव्यात त्यालाच वायंगण म्हणतात. म्हणतात की म्हणायचे, त्याकडे पुढे येतेच.

देवळाबद्दल किती सांगू? चांदणीसारख्या कोनांचा उंच चौथरा, तांबूस वालुकाश्माचं अंग आणि खांबांना तिरक्या टेकून उभ्या असलेल्या काळ्या दगडाच्या मदनिका. दगड इतका गुळगुळीत की त्यात आपलाच चेहरा दिसेल. शिखर विटांचं आहे आणि त्या विटा पाण्यावर तरंगतात, इतक्या हलक्या. मंडपाची फरशी काही ठिकाणी खचून लाटांसारखी वरखाली झाली आहे, पण वरचा डोलारा जागच्या जागी. समोरचा नंदी कान टवकारून बसला आहे, आत्ता उठेल असा. आणि देवळाला नाव देवाचं नाही, राजाचं नाही. ज्याने ते घडवलं त्या रामप्पा नावाच्या कारागिराचं, असं लोक मानतात. कागदोपत्री नाव रुद्रेश्वर, तोंडी नाव रामप्पा.

मराठी माणसाने इथं आणखी एक गोष्ट आठवावी अशी आहे. देऊळ बांधलं १२१३ साली, काकतीय राजा गणपतिदेवाच्या काळात, त्याचा सेनापती रेचर्ला रुद्र याने. हा गणपतिदेव तरुणपणी आपल्या देवगिरीच्या यादवांचा कैदी होता! यादवांशी झालेल्या लढाईत काकतीय राजा महादेव मारला गेला, मुलगा गणपतिदेव पकडला गेला. राज्य बिनराजाचं झालं. त्या काळात ते सांभाळलं ते या रेचर्ला रुद्राने. पुढे यादवांनी गणपतिदेवाला सोडलं, तो ११९९ मध्ये गादीवर बसला आणि साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केलं. म्हणजे आपल्या पूर्वजांनी ओढवलेल्या संकटातून राज्य तारून नेणाऱ्या माणसाचं हे देऊळ. पुढे त्याच शतकात देवगिरीला शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि इकडे गणपतिदेवाच्या जायप सेनापतीने 'नृत्तरत्नावली'. भांडणारे शेजारी, पण दोघांनाही नाचगाण्याचं वेड. इतिहास असा असतो.

पाहणारे बरेच होते. बहुतेक हैदराबादच्या गाड्या. तरंगती वीट, उंच टाचांची पादत्राणं घातलेली मदनिका, मग फोटो, आणि गाडी परत. तासाभरात काम उरकतं. गावात ते काय ठेवून जातात? एखादा नारळ, भाजलेलं कणीस, चहाचे पैसे.

आम्ही मात्र वेळ होता म्हणून पुढे किलोमीटरभर चालत गेलो. टेकड्यांच्या मध्ये बांध घातलेला आणि पलीकडे पाणीच पाणी. हे रामप्पाचं तळं. देवळासोबतच बांधलेलं, आठशे वर्षांचं. बांधावर एकही पर्यटक नव्हता. खाली पाट वाहत होता आणि सकाळी पाहिलेली ती हिरवी लावणी याच पाण्यावर चालली होती.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आम्ही वारसा पाहून आलो तो अर्धाच. काकतीयांनी देऊळ बांधलं ते तळ्यासकट. तळं, देऊळ आणि गाव असा तिघांचा संसार. एका तळ्याचं पाणी भरलं की सांडव्यावरून खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. याला ते गोलुसुकट्टु म्हणतात, म्हणजे साखळी. तेलंगणाच्या पठारावर अशी हजारो तळी आहेत. मधल्या काळात ती गाळाने भरली, तेव्हा राज्य सरकारने २०१५ मध्ये सुमारे ४६ हजार तळी दुरुस्त करायची योजना काढली आणि तिला नाव दिलं 'मिशन काकतीय'. गावागावात पाणी सोडणारा एक माणूस असे, नीरटी. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, ते तो ठरवी.

बांधाखाली एक शेतकरी फावड्याने पाट वळवत होता. साठीचा असेल. मुलीच्या मोडक्यातोडक्या तेलुगूत गप्पा सुरू झाल्या. आम्ही गोव्याहून, हे कळल्यावर त्याचा चेहरा खुलला. गोवा कुणाला ठाऊक नाही! त्याने फावडं ठेवलं आणि थेट विचारलं, "अम्मा, तुमच्याकडे तर जगभरचे लोक येतात. मग मला एक सांगा. रस्त्याकडेचे माझे वीस गुंठे एकजण मागतोय. हॉटेल बांधायचंय म्हणतो. विकू का?"

मुलगी भाषांतर करून थांबली. मी गप्प.

काय सांगायचं? आमचं गाव बार्देशातलं. देवळामागे तळी, तळीखाली वायंगणाची शेतं. कोमुनिदादीचा माणूस पाण्याची पाळी लावायचा. माझ्या लहानपणी मकर संक्रांतीच्या सुमारास या शेतात पाय ठेवला की गुडघाभर चिखल असायचा. ऐंशीच्या दशकात चार्टर विमानं येऊ लागली. एकाने शेतात माती टाकून खोल्या बांधल्या, मग दुसऱ्याने. तिसरे आम्ही. हो, आम्हीच. माझ्या वडिलांनी शेत बुजवून चार खोल्या काढल्या. शेत बुजलं की पाट बुजतो, आणि पाट बुजला की खालच्याचं वायंगण जातं. त्या खालच्याने कुणाकडे तक्रार केली नाही, त्यानेही खोल्या बांधल्या. तळीत आता जलपर्णी आहे. गावच्या विहिरींना उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं आणि पाण्याचे टँकर येतात, पाहुण्यांच्या आंघोळीसाठी.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी. त्याच चार खोल्यांच्या भाड्यावर माझी मुलगी इंजिनिअर झाली. तीच मुलगी आत्ता माझ्या शेजारी उभी राहून भाषांतर करत होती. 'विकू नकोस' म्हणायचा अधिकार मला कुठून आला?

मी त्याला एवढंच सांगितलं, जे घडलं ते. शेत, पाट, तळी, खोल्या, टँकर. आणि म्हटलं, "विकलंत तर हॉटेल त्याचं आणि नोकरी तुमच्या मुलाची. त्यापेक्षा घरातच एक खोली पाहुण्यांना द्या. आणि काहीही करा, पाट बुजवू देऊ नका." तो हसला. म्हणाला, "पाट माझा एकट्याचा कुठे आहे? तो बुजवायचा म्हटलं तर गाव मला बुजवेल." मला त्या क्षणी त्याचा हेवा वाटला. आमच्याकडे तसं म्हणणारं गाव उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेडारमला गेलो. ताडवाईचं जंगल लागलं. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस इथं वादळात हजारो झाडं एका दिवसात आडवी झाली होती, ती पडलेली खोडं रस्त्यावरूनही दिसत होती. मेडारमला कोया आदिवासींच्या सम्मक्का आणि सारलम्मा या मायलेकींची जत्रा भरते, दर दोन वर्षांनी माघात, आणि तिला कोटीभर माणूस लोटतो. आम्ही गेलो तेव्हा मुख्य जत्रेचं वर्ष नव्हतं, तरी लोक येतच होते. तिथं ना शिखर, ना मूर्ती. उघड्यावरचे ओटे, त्यांना गद्दे म्हणतात. जत्रेच्या वेळी डोंगरावरून कुंकवाचा करंडा आणतात, तीच देवी. तिला वाहायचा गूळ, आपल्या वजनाइतका, आणि त्या गुळाला म्हणायचं 'बंगारम', सोनं!

गोष्ट अशी सांगतात. दुष्काळ पडला होता. कोयांनी खंडणी भरली नाही. काकतीय राजा प्रतापरुद्राने फौज पाठवली. सम्मक्काचं सगळं घर लढाईत कामी आलं, मुलगा जंपन्ना ओढ्यात पडला, म्हणून तो ओढा आज जंपन्ना वागु. जखमी सम्मक्का डोंगराकडे गेली ती दिसेनाशी झाली. शोधायला गेलेल्यांना झाडाखालच्या वारुळापाशी कुंकवाचा करंडा सापडला.

वारूळ! आमची सातेरी आणखी कोण आहे? गाभाऱ्यातली ती रोयण, मातीचं वारूळच ना? मी नकळत हात जोडले.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हा प्रतापरुद्र म्हणजे गणपतिदेवाचा पणतू. म्हणजे एकाच जिल्ह्यात राजघराण्याच्या वैभवाचं देऊळ आहे, आणि त्याच घराण्याविरुद्ध लढून मेलेल्यांची जत्राही आहे. पर्यटनाच्या एकाच पत्रकात दोन्ही छापता येतील, पुढे लक्नवरमचा झुलता पूल आणि बोगताचा धबधबाही. छापावेत. लोक यावेत, पैसा यावा, त्या रानातल्या पोरांना तो हवाच आहे. पण देऊळ दाखवताना तळं झाकून ठेवू नये आणि जत्रा दाखवताना दुष्काळातली खंडणी विसरू नये. नाहीतर राहतात ती नुसती ठिकाणं.

आम्हा गोवेकरांना हे कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, आम्ही ऐकलं नाही. जुन्या गोव्याच्या चर्चना १९८६ मध्ये हाच जागतिक वारशाचा मान मिळाला. चर्च देखण्या आहेत, पण ज्या शहरासाठी त्या बांधल्या ते शहर केव्हाच गेलं. तांबडी सुर्लाचं कदंबांचं महादेवाचं देऊळही मदनिकांच्या देवळाइतकंच जुनं, रानात एकटं उभं. त्याच्याभोवतीही गाव नाही. पालमपेटला मात्र देवळाशेजारी अजून गाव आहे, तळं भरलेलं आहे, जानेवारीत लावणी चालू आहे. त्यांच्याकडे अजून वेळ आहे.

गोव्याला परतल्यावर एका संध्याकाळी मी तळीवर गेले. बऱ्याच वर्षांनी. जलपर्णीखाली पाणी आहे अजून, काठीने बाजूला सारली की दिसतं. मुलीला फोन करून म्हटलं, आपल्या खोल्यांमागची ती पट्टी अजून बुजवलेली नाही, आठेक गुंठे असेल. तिथून पाट काढता येईल का, ते कोमुनिदादीत विचारून बघते.

ती म्हणाली, "आई, तुला वायंगण करायचंय?"

करायचं की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण विचारणार आहे हे नक्की.