तावला

चार वर्षांचा मुलगा चित्रावर बोट ठेवून म्हणतो, "तावला." चित्र कावळ्याचं. आई लगेच माझ्याकडे बघते: ऐकलंत ना मॅडम, हेच ते. माझ्या कागदावर कावळ्यापुढे दोन खुणा पडतात. ‘क’च्या जागी ‘त’, ‘ळ’च्या जागी ‘ल’. या दोनपैकी एकाच खुणेचे पैसे मी घ्यायचे असतात. ती कोणती, हे कळायला मला या व्यवसायात दोनेक वर्षं लागली.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ एका किराणा दुकानाच्या वर माझं वाचा-उपचाराचं क्लिनिक आहे. स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगरचा चार नंबर कॅम्प, दुसऱ्या अंगाला कल्याण पूर्व. फाळणीनंतर इथल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. काटेमानिवली, तिसगावकडे आगऱ्यांची जुनी घरं. मधल्या इमारतींत खानदेश, देश, कोकण, उत्तर प्रदेश, सगळं एकाच जिन्यावर. माझ्या चित्रांच्या वहीत मात्र एकच मराठी, पुस्तकातली.

सुरुवातीच्या दिवसांत पाच वर्षांची एक मुलगी आली. गाडीला गारी, घोड्याला घोरा, झाडाला झार. मी ‘ड’चा दोष लिहिला आणि कामाला लागले. खरं तर तिथेच घंटा वाजायला हवी होती. ‘र’ हा मुलांना उशिरा येणारा आवाज. ‘राम’चा ‘लाम’ आपण सगळ्यांनी ऐकलाय. सोप्याच्या जागी अवघड आवाज कोण घालेल? पण नवी पदवी, नवं भाडं. सहाव्या सेशनला आई नव्हती, आजोबा आले. दारातूनच म्हणाले, "मॅडम, गारी खाली लावली त चालंल ना?"

मुलगी तिच्या घरची भाषा बिनचूक बोलत होती. आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’. सहा सेशन मी एका पोरीला तिच्या आजोबांपासून बरं करत होते. राहिलेल्या सेशनचे पैसे परत केले. झालेल्या सहांचेही करायला हवे होते, तेवढी हिंमत तेव्हा नव्हती.

खासगी क्लिनिकची खरी गोम इथेच आहे. दोष सापडला तर फी, नाही सापडला तर नमस्कार. म्हणून आता पहिल्या दिवशी मी मुलाआधी घर ऐकते. आजीला बोलवा म्हणते, नाहीतर फोनवर तिचा आवाज पाठवा. सिंधी घरातलं पोर ‘ब’ जरा गिळल्यासारखा काढतं तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, घशात काही बिघाड आहे. बिघाड कसला! सिंधीत ॻ, ॼ, ॾ, ॿ असे चार आवाज हवा किंचित आत ओढत काढले जातात. आजीला ‘ॾाॾी’ म्हणताना तो आवाज यायलाच हवा. उद्या तो आला नाही तर मी काळजी करेन.

आता कावळ्याकडे. ‘कावला’ हे त्याच्या घरचं आगरीच, तिथे मी हात लावत नाही. पण ‘क’चा ‘त’ इथल्या कुठल्याच बोलीत होत नाही. जिभेची मागची बाजू उचलायच्या ऐवजी मूल पुढचं टोक उचलतं. लहानपणी बरीच मुलं असं करतात आणि आपोआप सोडतात. चार वर्षं होऊनही राहिलं तर काम करावं. आधी मात्र ऐकण्याची तपासणी. माझ्या खिडकीखालून लोकल जाते, इथे ती चाचणी होणं शक्य नाही. ज्यांना जमतं त्यांना मी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत पाठवते. १९८३ पासूनची ती केंद्र सरकारची संस्था. दादरला गाडी बदलून दिवस मोडतो, लोक कुरकुरतात. पण सर्दीने कानात पाणी साचलेल्या मुलाकडून ‘क’ घोटून घेण्यात काय अर्थ?

याचे कान उत्तम होते. मग त्याला सतरंजीवर उताणं झोपवलं. असं झोपलं की जीभ आपल्या वजनानेच मागे पडते. घोटभरही पाणी न घेता गुळण्या करायच्या, खोट्या खोट्या. मी चमच्याच्या दांड्याने जिभेचं टोक हलकेच खाली धरलं आणि ‘त’ म्हण म्हटलं. टोक अडकलेलं, त्यामुळे आला तो ‘क’. पोर दचकून उठून बसलं.

पण आवाज आला म्हणजे शब्द आला असं नाही. एका डब्यात खेळण्यातली कार, दुसऱ्यात तांब्याची तार. त्याने मागितलं, "तार." मी तार दिली. तो चिडला. "तार नाय, तार!" त्याच्या कानाला फरक पक्का कळत होता, तोंडातून निघत नव्हता. १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी इंग्रजी बोलणाऱ्या एका मुलात हेच नोंदवलं: मूल स्वतः ‘फिश’ला ‘फिस’ म्हणतं, पण मोठ्या माणसाने ‘फिस’ म्हटलेलं त्याला चालत नाही. चार वेळा तार हातात आल्यावर पाचव्यांदा त्याने मान मागे टाकली, उताणं झोपल्यासारखी, आणि म्हणाला, "क्...आर."

आईला मी आतच बसवते. आठवड्यातली माझी दोन पाऊण तासांची सेशन म्हणजे दीड तास. बाकीचा आठवडा तिचा. कांदा, काकडी, कोथिंबीर, तिच्या ओट्यावर ‘क’ला तोटा नाही. काही घरांना शाळेतून सल्ला मिळालेला असतो की मूल मागे पडतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. मग आई तीन वाक्यांत संपते आणि आजी गप्पच होते. दोन भाषांनी मूल उशिरा बोलतं हे खरं नाही. गप्प झालेल्या घराने मात्र त्याच्या कानावर पडणारं बोलणंच आटतं. माझ्याकडे येण्याआधी कुणी वेखंड जिभेला लावून पाहिलेलं असतं, कुणी जिभेखालची शीर कापायलाही सांगितलेलं असतं. ‘क’ला जिभेची मागची बाजू लागते, पुढच्या टोकाखालच्या शिरेचा त्यात काय गुन्हा?

चौथ्या महिन्यात मुलगा वहीतल्या चित्रापुढे थांबला आणि म्हणाला, "कावला."

आई खूश झाली, मग लगेच तिचा चेहरा व्यवहारी झाला. "आणि मॅडम, ‘ळ’चं पॅकेज वेगळं असतं का?"

मी तिला हाताने थांबवलं. बाहेर जिन्यात मुलाचे वडील फोनवर होते, साहेबांशी. "हो सर, गाडी निघाली, डोंबिवली सोडली." फोन ठेवला, दुसरा लावला. "आई, गारी येतंय आमची, भाकरी टाक."