गाणी आपली, किल्ली दुसऱ्याची

तुम्ही कुठल्या पार्टीचे होतात? विनॅम्पवाले, आयट्यून्सवाले, की 'विंडोजबरोबर फुकट आलंय ना, मग तेच लावा' म्हणणारे मीडिया प्लेअरवाले? २००० नंतरच्या त्या दशकात आमच्या ऑफिसात चहाच्या मशीनपाशी यावरून रोज जुंपायची.

मी कट्टर विनॅम्पवाला. १९९७ साली आलेला हा चिमुकला प्लेअर चटकन उघडायचा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात गुपचूप पडून राहायचा. झेड, एक्स, सी, व्ही, बी या पाच बटणांवर सगळा कारभार. बॉस मागे येऊन उभा राहिला की 'सी' दाबायचं, गाणं पॉज! मुख्य म्हणजे गाणी तुम्ही ठेवलेल्या फोल्डरमध्येच राहायची. विनॅम्प ती वाजवायचा, त्यांच्यावर मालकी गाजवायचा नाही.

आयट्यून्स म्हणजे शिस्तीचा माणूस. २००१ साली मॅकवर आणि २००३ साली विंडोजवर आलेल्या या प्लेअरला सगळं जागच्या जागी लागायचं. त्याच्या स्मार्ट प्लेलिस्ट झकासच, पण आपली गाणी त्या रकान्यांत बसतील तर शपथ! आपण गाणं लक्षात ठेवतो सिनेमावरून, नाहीतर संगीतकारावरून. मग 'आर्टिस्ट' कोण? गायिका, संगीतकार की पडद्यावरचा हिरो? आणि भावगीतांची सीडी कुठल्याही प्लेअरमध्ये घातली, तरी बरेचदा उत्तर यायचं, 'अननोन आर्टिस्ट'. बाबूजी अननोन? घ्या!

अर्थात हे लाडिक भांडण. खरी डोकेदुखी होती ती गाण्यांना लावलेल्या कुलपाची, म्हणजे डीआरएमची.

२००६ साली मी ऑनसाइट अमेरिकेत होतो. तिथल्या एका ऑनलाइन दुकानातून रीतसर, कार्डाने पैसे भरून गाणी घेतली. एक गाणं ९९ सेंट, म्हणजे तेव्हाचे साधारण ४५ रुपये. मित्र हसले, 'फुकट मिळतं ते विकत घेतोस?' पुण्याला परतलो, नवा लॅपटॉप आला, फाइल्स कॉपी केल्या, डबल क्लिक केलं. लायसन्स नाही! कस्टमर केअरला मेल टाकला. उत्तर आलं की आमची सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही. पैसे मी भरले होते, फाइल माझ्याकडे होती, फक्त गाणं वाजत नव्हतं. फुकट्या मित्रांचं सगळं कलेक्शन मात्र ठणठणीत!

गंमत अशी की अशी गाणी विकत घेताना आपल्याला फक्त पेटी मिळते. फाइल सांकेतिक रूपात बंद असते आणि ती उघडायची किल्ली दुकानाच्या सर्व्हरकडून येते. ॲपलच्या कुलपात पाच कॉम्प्युटरची मर्यादा होती आणि खिशातला प्लेअर हवा तर आयपॉडच. मायक्रोसॉफ्टने २००४ साली आपल्या कुलपाला 'प्लेज फॉर शुअर', म्हणजे नक्की वाजणार, असं नाव दिलं. २००६ साली त्यांचाच झून आला आणि त्यावर ती गाणी वाजेनात! २००८ साली तर एमएसएन म्युझिक आणि याहू म्युझिक या दोघांनी किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायची घोषणा केली. ओरड झाल्यावर एकाने मुदत वाढवली, दुसऱ्याने भरपाई देऊ केली.

तोवर वारं फिरलं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्जने डीआरएम नको, असं उघड पत्र लिहिलं. त्याच वर्षी ईएमआयने कुलूप काढलं, ॲमेझॉनने साधी एमपीथ्री विकायला घेतली आणि जानेवारी २००९ मध्ये आयट्यून्सनेही आपली गाणी मोकळी करत असल्याचं जाहीर केलं.

संपलं? छे! आज आपण ॲपमध्ये 'डाउनलोड' दाबतो, ते तेच कुलूप आहे. सबस्क्रिप्शन थांबलं की डाउनलोड गप्प. स्पॉटिफायवर तर ३० दिवसांत एकदा तरी ऑनलाइन यावंच लागतं. २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद झालं तेव्हा त्यावरच्या प्लेलिस्ट लोकांना दुसरीकडे हलवाव्या लागल्या. माझं म्हणाल, तर अमेरिकेत घेतलेला एक अल्बम आज मला कुठल्याच ॲपवर सापडत नाही.

स्ट्रीमिंग सोडा, असं मी म्हणत नाही. लोकलमध्ये, जिममध्ये मीही तेच ऐकतो. पण ज्या वीस-पंचवीस गाण्यांशिवाय आपलं चालणार नाही, ती बँडकॅम्पसारख्या ठिकाणाहून किंवा सीडीवरून कुलपाशिवाय घेऊन ठेवा. दोन ठिकाणी कॉपी करा. अलूरकर म्युझिक हाउसमधून घेतलेल्या सीडींवरून मी बनवलेली एमपीथ्री चार लॅपटॉप बदलले तरी वाजतायत. त्यांना कुणाचीही परवानगी लागत नाही.