मी काय बोलणार?

परवा ऑफिसात चहा घेताना एका मैत्रिणीला म्हटलं, "अगं, वेब कॉन्फरन्ससाठी प्रस्ताव मागवलेत. तू पाठव ना." ती हसली. "मी काय बोलणार? मी काही एक्स्पर्ट नाही."

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. बरीच वर्षं ते माझंच होतं.

एका मराठी साइटचा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतील त्या क्रमाने टाइप केलेली. 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. रफाराचं तर विचारूच नका! 'सूर्य'मधला र जुन्या फॉन्टात शेवटी, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. नुसतं शोधा-आणि-बदला करून भागेना. दोन महिने गेले त्यात. काम झालं आणि मी गप्प बसलो. एवढ्याशा गोष्टीवर टॉक कसला द्यायचा?

वर्षभराने एका कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या रांगेत एक मुलगा भेटला. तेच काम, त्याच खड्ड्यांत पडणं. मी पाच मिनिटं बोललो, तर ताट बाजूला ठेवून तो लिहून घ्यायला लागला. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही स्टेजवर का नाही सांगितलंत?"

मला उत्तर सुचलं नाही.

आता मी निवड समितीत बसतो. दरवर्षी तीच तीच नावं दिसतात. लोक म्हणतात, ठरावीक लोकांनाच घेता. अहो, बाकीचे पाठवतच नाहीत!

नकाराची भीती असतेच. पण १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचा वेबवरचा निबंध अमेरिकेत सॅन अँटोनिओला भरलेल्या हायपरटेक्स्ट परिषदेने नाकारला होता. प्रात्यक्षिकापुरती जागा मिळाली. त्यांनी तेवढं दाखवलं. आज आपलं पोट त्याच वेबवर चालतं.

प्रस्तावात फार काही लागत नाही. अडचण काय होती, काय करून पाहिलं, काय फसलं, ऐकणारा घरी काय घेऊन जाईल. फसलेलं जरूर लिहा. ते वाचलं की समजतं, या माणसाने काम स्वतः केलंय.

त्या मैत्रिणीने काय केलंय माहितेय? गावात नेटवर्क गेलं तरी भरलेला फॉर्म हरवू नये, म्हणून तो ब्राउझरमध्येच साठवून ठेवायची आणि रेंज आली की पाठवायची सोय. तीही रडतखडत चालणाऱ्या स्वस्त फोनवर. आणि म्हणे, मी काय बोलणार!

शेवटच्या तारखेला चार दिवस उरलेत. तिने अजून पाठवलेला नाही. उद्या चहाला पुन्हा विचारणार आहे.

आणि तुम्ही?