खालून टाकलेला चेंडू

क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या माणसाला अंडरआर्म चेंडूबद्दल फारसा आदर नसतो. १ फेब्रुवारी १९८१ला मेलबर्नमध्ये न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. कर्णधार असलेल्या भावानं, ग्रेगनं, सांगितलं म्हणून ट्रेव्हर चॅपेलनं चेंडू जमिनीवरून घरंगळत सोडला. तो चेंडू नियमात बसत होता, तरी लोकांनी त्याला आजवर माफ केलेलं नाही.

आमच्या डोंबिवलीत मात्र अंडरआर्म म्हणजेच क्रिकेट. दोन इमारतींच्या मधली बोळ, वन टप आऊट, चेंडू थेट कंपाउंडबाहेर गेला तरी आऊट. एवढ्याशा जागेत ओव्हरआर्म टाकला तर तळमजल्याच्या काचा शिल्लक राहिल्या नसत्या. जागा कमी म्हणून हात खालून. तिथेही सरपटी टाकणाऱ्याला शिव्या पडायच्याच.

पंचवीसेक वर्षांनी हाच खालून येणारा हात न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक मैदानावर माझ्या कामी येईल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सॉफ्टबॉल आपल्याला अगदी परका नाही. जळगाव, अमरावती, नागपूरकडच्या कितीतरी मुलांनी तो शाळेत खेळलेला असतो. खेळ जन्मला १८८७ साली शिकागोत, तोही घराच्या आत: नौकाविहाराच्या एका क्लबात रिकामटेकड्या तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला आणि दांडक्यानं तो मारायला सुरुवात केली. म्हणजे हाही मुळात अपुऱ्या जागेतलाच खेळ. आज त्याचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. स्लो पिचमध्ये चेंडू उंच कमान करून येतो आणि बॅटर निवांतपणे तो हाणतो. फास्ट पिचमध्ये पिचरचा हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरतो. या पवनचक्कीच्या जोरावर २००४मध्ये जेनी फिंचनं एका प्रदर्शनीय सामन्यात बेसबॉलच्या अल्बर्ट पुहोल्ससारख्या दादा फलंदाजाला स्ट्राइकआऊट केलं होतं. या दोन्हींच्या मधला तिसरा प्रकार म्हणजे मॉडिफाइड.

मॉडिफाइडमध्ये चेंडू वेगात टाकायची मुभा आहे, पण पवनचक्की बंद. हात सरळ मागे न्यायचा, सरळ पुढे आणायचा, झोपाळ्यासारखा. चेंडू सुटताना कोपर ताठ हवं आणि खांदे व कंबर होम प्लेटच्या समोर हवेत. सुरुवातीला दोन्ही पाय पट्टीवर, हात एकत्र, क्षणभर थांबायचं. उडी मारायची नाही. मागचा पाय जमिनीला घासत आला पाहिजे. आपल्याकडे गोलंदाजाचं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की 'फेकी' म्हणून बोंब उठते. त्यामुळे ताठ हाताची शिस्त माझ्या अंगात होती. बाकी सगळं नवं होतं.

आमच्या टीममध्ये मी उजवीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे राइट फील्डला, उभा राहायचो. चेंडू जिथे सर्वांत कमी येतो, तिथे नव्या माणसाला उभं करतात. पिचिंग करायचे एक निवृत्त प्लंबर, वय चौसष्ट. तीस उन्हाळे त्यांनी हेच केलं होतं. मग त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पिचिंग कायमचं बंद केलं. मॉडिफाइडचा पिचर असा बाजारात मिळत नाही. कॅप्टननं ग्रुपवर लिहिलं: एप्रिलपर्यंत कुणी तयार झालं नाही तर टीम बंद, ज्याला हवं त्यानं स्लो पिचच्या टीमा शोधाव्यात.

मला अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली होती. सोमवार ते शुक्रवार लोक माझं नाव मीटिंगच्या चौकटीत वाचायचे. शनिवारी मैदानावर तेवढी त्या नावानं हाक यायची. चुकीच्या उच्चारात येई, पण येई. ती हाक जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती. मी लिहिलं, शिकतो.

पहिला धडा चेंडूचा. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास, घेर साडेबावीस सेंटीमीटर. सॉफ्टबॉलचा घेर साडेतीस आणि वजन १८०-१९० ग्रॅम. बोटांत धरायचा तर हात लहान पडतो. शिवणीवर आडवी बोटं, अंगठा समोर, आणि तळहात व चेंडू यांच्यात थोडी फट. मुठीत कोंबला की मनगट मरतं.

दुसरा धडा भिंतीचा. उजवा हात भिंतीकडे करून वीतभर अंतरावर उभं राहायचं आणि हात मागे-पुढे झुलवायचा. हात रेषेतून बाहेर गेला की भिंत बोटांची सालं काढते. यापेक्षा स्पष्ट बोलणारा कोच मला भेटलेला नाही.

तिसरा धडा सर्वांत अवघड होता. जोर कुठून येतो? मी इंजिनिअर, हिशेब केला. हात आडवा मागे नेला आणि नुसता खाली पडू दिला, तर चेंडू साधारण ७० सेंटीमीटर उतरतो. गुरुत्वाकर्षण त्याला देतं ताशी जेमतेम १३ किलोमीटर. घरातला झोपाळाही तेवढा जातो. हवेत ताशी ऐंशी. उरलेला वेग पायातून निघतो, कमरेतून चढतो आणि मनगटाच्या झटक्यातून बाहेर पडतो. हात मागे जाताना कंबर उघडते. पुढचा पाय टेकला की ती मिटते आणि हात तिच्या मागोमाग येतो. खांद्यानं ढकललं की वेग येत नाही, दुखणं येतं. "हात फेकू नकोस," गुरुजी म्हणायचे, "त्याला येऊ दे." तीस वर्षं खांदा झिजवलेला माणूस हे सांगत होता, म्हणून मी ऐकलं.

सर्वांत गंभीर धडा त्यांनी शेवटी दिला. पट्टी ते होम प्लेट अंतर ४६ फूट, म्हणजे १४ मीटर. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते. त्यात पिचर एक ढांग पुढे आलेला. बॅटवरून थेट चेहऱ्याकडे येणाऱ्या चेंडूला अर्धा सेकंदही लागत नाही. "चेंडू सुटला की तू पिचर नाहीस. सर्वांत जवळचा फील्डर आहेस. ग्लोव्ह वर." तोंडावर जाळीचा मास्क लावल्याशिवाय त्यांनी मला पट्टीवर उभं राहू दिलं नाही.

पवनचक्कीचा बादशहा एकटा सामना जिंकू शकतो. मॉडिफाइडमध्ये ते सहसा होत नाही. बॅटर चेंडू मारतोच. तो कुठे मारेल एवढंच पिचरनं ठरवायचं. गुडघ्याजवळ, बाहेरच्या कोपऱ्यावर टाका, चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे जाईल. मधूनच तीच हालचाल ठेवून मनगट कोंडा, चेंडू हळू जाईल आणि बॅट आधीच फिरून मोकळी होईल. बाकीचं काम मागचे आठ जण करतात. राइट फील्डला उभं राहून जे कधी कळलं नव्हतं ते पट्टीवर कळलं: हा खेळ मागच्यांवर भरवसा ठेवायचा आहे.

मे महिन्यात पहिला सामना झाला. आम्ही ७-५ने हरलो. टीम टिकली.

आता हिवाळ्यात मी एका मित्राच्या गॅरेजमध्ये दर रविवारी साठ चेंडू टाकतो. समोर गुरुजी मास्क लावून, उलट्या बादलीवर बसून झेलतात. झेलायला डावा हात चालतो. उजवा अजून वर जात नाही, त्यामुळे चेंडू परत फेकता येत नाही. ते वाकतात आणि तो जमिनीवरून घरंगळत सोडतात. सिमेंटवरून सरपटत तो बरोबर माझ्या पायाशी येतो. मी उचलतो, बोटं शिवणीवर लावतो, क्षणभर थांबतो.