निर्मलची नदी आणि मोल्याचे रान

निर्मल हे गाव आमच्या बहुतेक वाचकांना त्याच्या लाकडी खेळण्यांवरून ठाऊक असेल. पोणकी नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची फळे, पशुपक्षी आणि मानवाकृती कोरून, त्यांवर लुकण चढवून रंगविण्याची कला येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव ऑक्टोबर २०१६ पासून तेलंगणातील एका स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले आहे. मराठी येथे परकी नाही. पश्चिमेस भैंसा ओलांडले की नांदेडची वाट लागते, आणि बाजारात तेलुगू, उर्दू व मराठी या तिन्ही भाषा एकाच तराजूने तोलल्या जातात.

आम्ही पावसाळा सरता सरता येथे आलो. कारागिरांच्या वस्तीत पहिलीच गोष्ट कानी आली ती लाकडाच्या टंचाईची. एके काळी पोणकीचे झाड जवळपासच्या रानात मिळे. आता त्यासाठी दूर जावे लागते. हात तेच, रंग तेच, पण झाड मागे हटले. रान एका दिवसात नाहीसे होत नाही, ते असे कोसाकोसाने मागे सरत जाते, हा धडा आम्ही निर्मलला शिकलो आणि पुढील प्रवासात तो वारंवार आठवला.

दुसरे दिवशी आम्ही कुंतला धबधबा पाहिला. कडेम नदी येथे सुमारे दीडशे फुटांवरून काळ्या खडकांवर उडी घेते. परतताना गोदावरीकाठी गेलो. नाशिकजवळ उगम पावून, पैठण व नांदेड मागे टाकून, बासरच्या सरस्वतीला वळसा घालून ही आपली नदी पोचंपाडला श्रीराम सागर धरणात विसावते. या धरणाची पायाभरणी १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. येथून सुटलेले पाणी पुढे शेतांना मिळते आणि रामगुंडम येथील विद्युत्‌केंद्रालाही मिळते. २,६०० मेगावॉट क्षमतेच्या त्या केंद्रात कोळसा जळतो, गोदावरीच्या पाण्याची वाफ होते, आणि त्या वाफेने चक्रे फिरून निर्माण झालेली वीज तारांवरून दूरदूरच्या प्रांतांत जाते. तिचा एक वाटा थेट गोव्याला जातो, हे ऐकून आम्हांस मोठे नवल वाटले. गोव्यात विजेचे मोठे केंद्र नाही. तेथील जवळजवळ सर्व वीज बाहेरून येते. नदी पूर्वेस वाहते आणि तिची शक्ती मात्र पश्चिमेस जाते! या तारांच्या मागोमाग आपणही जावे, असे आम्ही ठरविले.

नांदेड, सोलापूर, विजापूर, बेळगाव असा लांबचा प्रवास करून आम्ही अनमोडचा घाट उतरलो. घाटमाथ्यावर धुके होते. खाली येता येता दोन्ही बाजूंनी रान दाटत गेले आणि मोले गाव आले. येथील भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे आहे. दूधसागराचा ३१० मीटर उंचीचा शुभ्र प्रपात याच रानात कोसळतो. त्याचे पाणी खांडेपार नदीने ओपा येथील जलशुद्धीकरण केंद्रास मिळते, आणि फोंड्याच्या व पणजीच्या घरांतील नळांना तेथूनच पाणी जाते. ज्या गृहिणीने हे रान कधी पाहिले नाही, तिच्याही घागरीत या रानाचे देणे असते.

या रानातून एकाच वेळी तीन मोठी कामे नेण्याचे घाटत होते. एक, लोहमार्गाचे दुपदरीकरण. दुसरे, अनमोड-मोले महामार्गाचे रुंदीकरण. आणि तिसरे, छत्तीसगडमधील तम्नारच्या नावाने ओळखली जाणारी ४०० किलोव्होल्टची विद्युत्‌वाहिनी. हिची एक शाखा धारवाडजवळच्या नरेंद्र येथून केप्यातील शेल्डेपर्यंत यावयाची होती, आणि उपकेंद्र मोल्याजवळ सांगोड येथे व्हावयाचे होते. महामार्ग व विद्युत्‌वाहिनी यांस राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीने सारा देश घरात बसलेला असताना, मान्यता दिली.

अशा वाहिनीसाठी किती जागा लागते, हे खेड्यातील वाचकांनी नीट समजून घ्यावे. दोन मनोऱ्यांमधून नुसती तार जाते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली ४६ मीटर रुंदीचा पट्टा राखावा लागतो. २२० किलोव्होल्टला ३५ मीटर पुरतात. या पट्ट्यात उंच झाड वाढू देता येत नाही. भात किंवा कडधान्य घेता येते, पण नारळ, आंबा, फणस यांना तेथे जागा नाही. रानात तर हा पट्टा म्हणजे छपराला पडलेली चीरच होय. ऊन आत येते, गवत माजते, आणि फांदीवरून फांदीवर जाणाऱ्या प्राण्यांची वाट तुटते.

सांगोडला झाडे तुटू लागली आणि गोव्यात एकच कल्लोळ उडाला. विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार, शेतकरी असे सर्व थरांतील लोक पुढे आले. तरुणांनी मोल्याच्या फुलपाखरांची व पक्ष्यांची चित्रे काढून घरोघर पोहोचविली. नोव्हेंबर २०२० च्या आरंभी एका रात्री चांदर येथे हजारो लोक मेणबत्त्या घेऊन लोहमार्गापाशी जमले व पहाटेपर्यंत राहिले. त्यांत हिंदू होते, ख्रिस्ती होते, मुसलमान होते. काहींवर पोलिसांत गुन्हेही नोंदविले गेले.

शासनाचीही बाजू होती, आणि ती सांगितल्यावाचून हा वृत्तान्त न्याय्य होणार नाही. विजेची मागणी वर्षानुवर्षे वाढत आहे. मोठ्या दाबाची वीज कोल्हापूरकडून एकाच वाटेने येते. ती वाट बंद पडली तर रुग्णालये, कारखाने व घरे अंधारात पडतील, तेव्हा दुसरी वाट हवी, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे खोटे नव्हते. ज्याच्या घरी बाळंतीण आहे किंवा ज्याच्या विहिरीवर पंप आहे, त्याला विजेचे मोल काय सांगावे?

मग मार्ग कसा निघाला? गोवा फाउंडेशन या संस्थेने सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीकडे दाद मागितली. समितीने स्थळे पाहिली, सर्वांचे ऐकले आणि एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. तिने विजेला नकार दिला नाही. कर्नाटकातील आंबेवाडीहून फोंड्यास येणारी २२० किलोव्होल्टची जुनी वाहिनी या रानातून पूर्वीच गेलेली आहे. तिच्याखालची झाडे कधीच तुटलेली आहेत. नवी वाहिनी याच जुन्या पट्ट्यातून न्यावी, नवे रान तोडू नये, असे समितीने सुचविले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही सूचना उचलून धरली. त्याच वर्षी मे महिन्यात लोहमार्गाच्या दुपदरीकरणास दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यताही न्यायालयाने रद्द केली.

दक्षिणेकडील वीज गोव्यात आणणारी वाट तीच आंबेवाडी-फोंड्याची. निर्मलजवळच्या पाण्याने ज्या वाटेने गोव्यात पूर्वीच प्रवेश केला होता, तीच वाट वादावर तोडगा ठरली!

या वाहिन्यांचा प्रश्न केवळ गोव्याचा नव्हे. उद्या आपल्या शेताच्या बांधावरही मोजणीदार उभा राहील. तेव्हा काही गोष्टी ठाऊक असाव्यात. तारा नेण्यासाठी जमीन संपादन करावी लागत नाही. १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वीज कायदा २००३ च्या कलम १६४ प्रमाणे वाहिनी उभारणाऱ्यास देता येतात. जमीन शेतकऱ्याच्या नावावरच राहते, परंतु नुकसानीची भरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनोऱ्याच्या पायथ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, आणि ग्रामीण भागात तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सुचविली आहे. या सूचना आपल्या राज्याने कोणत्या स्वरूपात स्वीकारल्या, हे जिल्हाधिकारी कचेरीत विचारून घ्यावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. नकाशा मागावा. आणि जवळून एखादी जुनी वाहिनी जाते काय, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

मोल्याहून निघताना संध्याकाळ झाली होती. जुन्या वाहिनीच्या तारा रानावरून पश्चिमेस गेल्या होत्या आणि खाली गावात दिवे लागत होते. ते दिवे आम्हांस परके वाटले नाहीत. त्यांत निर्मलची नदी होती. तारांच्या दोन्ही बाजूंस झाडे उभी होती, हेही आम्ही डोळे भरून पाहिले.

घरी परतल्यावर निर्मलहून आणलेला लाकडी पोपट मुलांच्या हाती दिला. हे लाकूड कुठे मिळते, असे धाकट्याने विचारले. पूर्वी गावाजवळच मिळे, असे आम्ही सांगितले. आता का मिळत नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. आपल्या मुलांनी आपल्या रानांविषयी हाच प्रश्न आपल्याला विचारू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.